दक्षिणेचा पंजा

टेसमर गेले, हे मला बातमीच्या आधी
औषधांच्या फळीनं सांगितलं.
टी-च्या खणात त्यांची पांढरी पिशवी,
डोळ्यांचे थेंब, रक्त पातळ करायच्या गोळ्या.
गुरुवारी न्यायची, ती सोमवारीही तिथंच.
आणि हा माणूस तर बर्फ असो, वारा असो,
दुकान उघडायच्या आधी येऊन उभा राहणारा.

पिओरियानं मग जे करायचं ते केलं.
मैदानाच्या फाटकाशी टोप्या, चेंडू, शेंगा.
कुणीतरी बिटाच्या लोणच्याची बरणी ठेवली,
झाकणावर लिहिलं होतं: ऑर्विल, यंदा मीठ बेतानं घातलंय.
शनिवारी सामन्याआधी मधला उंचवटा रिकामा ठेवला,
आणि कॅचर आपल्या जागी उकिडवा बसून
हातमोजा उघडा धरून राहिला,
पूर्ण एक मिनिट.
कुणी काही टाकलं नाही.
माझ्या शेजारचा धिप्पाड म्हातारा, ट्रॅक्टर कारखान्यातला,
टोपीत तोंड खुपसून हुंदके देत होता.

मला त्यातलं काय कळत होतं?
वीस वर्षं इथं राहून बेसबॉल म्हणजे
टीव्हीवर थुंकणारी माणसं.
ह्यांचं नाव एका शाळेला आहे, पुलाला आहे,
कोपऱ्यावरच्या एका सँडविचलाही आहे,
हे मागच्या गिऱ्हाइकानं कानात सांगितलं
मी विम्याचं कार्ड तपासत होते तेव्हा.
मी पाहत होते नुसता सही करणारा हात.
डावा.

माझाही हात पेनाकडे निघून मध्येच बिचकला
आणि पेन दुसऱ्यानंच उचललं.
त्यांनी ते बरोबर टिपलं. 'तुम्हीसुद्धा?'
मग सांगावं लागलं: सावंतवाडीला शाळेत
परुळेकर बाईंनी हा हात पट्टीनं उजवा केला.
डाव्या हातानं प्रसाद घेत नाहीत,
डाव्या हातानं कुणाला पैसे देत नाहीत.
'मला तर त्याचेच पैसे दिले,' ते म्हणाले.

डावखुऱ्या पिचरला साउथपॉ म्हणतात,
दक्षिणेचा पंजा.
मी म्हटलं, आमच्याकडे दक्षिण ही यमाची दिशा,
तिकडे पाय करून झोपतसुद्धा नाहीत.
'असेल,' म्हणाले, 'समोर बॅट घेऊन उभे असायचे
त्यांना विचारा.'

मग रांग नसली की शिकवणी.
माझ्या डब्यातलं संत्रं घेऊन,
त्याच्यावर नसलेली शिवण शोधून,
दोन बोटं वर, खाली अंगठा,
आणि मनगट अगदी शेवटी,
दाराची मूठ फिरवावी तसं.
विक्रमांचं नाव नाही. बोलायचे ते एकाच चेंडूबद्दल,
ऑक्टोबरातल्या एका रात्री वळायचा होता, वळला नाही,
आणि त्यांच्या मते अजून उडतोच आहे कुठंतरी
प्रेक्षकांच्या डोक्यांवरून.
आमच्या क्रिकेटमध्ये वाइड पडला
की तिथल्या तिथं धाव द्यावी लागते, मी म्हटलं.
त्यांना हा फार कंजूषपणा वाटला.
'आमच्यात तीन माफ असतात. मोजून तीन.'

काल संध्याकाळी संगणकानं निरोप दिला:
टेसमर, ऑ. दहा दिवस झाले. माल परत घ्या.
दहावा दिवस.
हा नियम कुणी केला माहीत नाही,
त्याला आपलं काही ठाऊक असायचं कारण नाही.
मी थेंब फळीवर ठेवले, बिल उलटं फिरवलं,
नावाची चिठ्ठी फाडून यंत्रात सोडली,
कायद्यात आहे तशी.
हातात रिकामी पिशवी उरली.

शटर अर्धं खाली आलं होतं.
केराची टोपली दक्षिणेच्या भिंतीशी असते,
हे इतक्या वर्षांत मी पाहिलंच नव्हतं.
कागद चुरगळून गोळा केला,
दोन बोटं वर, खाली अंगठा,
आणि परुळेकर बाई, माफ करा,
डाव्या हातानं.

बाहेर पडला. काउंटरखाली घरंगळत गेला.
एक.
अजून दोन माफ आहेत.