पाठवलेले

रविवारचा बाजार उठता उठता
झुल्मा एचेवेरी दुकानात आली,
काखेत थर्मास, हातात माते, पिशवीत लॅपटॉप.
म्हणाली, माझीच पत्रं मला उघडत नाहीत.

पाहिलं. 'पाठवलेले'मध्ये चारशे बारा,
सगळी नेल्सनच्या कुलपात.
नेल्सन मे महिन्यात पायसान्दूला वारला.
परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात होता,
तो डोक्यासकट पुरला गेला.

सेटिंगमध्ये एक चौकट असते, मी सांगितलं,
'माझ्यासाठीही एक प्रत'.
ती रिकामी राहिली की
बटण दाबताच लिहिणाराही परका.

'त्याची मला सगळी वाचता येतात,' ती म्हणाली.
'मार्चमध्ये लिहितो: छे, तसं नाही, झुल्मा.
आणि एकदा नुसतंच:
हो. हजार वेळा हो.
मी विचारलं काय होतं?'

माझ्याकडे स्क्रू असतात, बॅटऱ्या असतात.

बाहेर पोरं फुटक्या पेट्यांतली संत्री वेचत होती.
जुलैचा वारा शटर हलवत होता.
मी चौकटीत खूण केली:
आता यापुढचं दोघांना उघडेल.
दोघांना म्हणालो आणि जीभ चावली.

तिने नवं पत्र घेतलं. त्याचाच पत्ता.
त्याचं कुलूप अजून लागतं,
निघत तेवढं नाही.
एक ओळ लिहिली, पाठवली,
लगेच 'पाठवलेले'त जाऊन उघडली.

उघडली.

थर्मासमधलं पाणी निवेपर्यंत
ती तेवढीच ओळ वाचत बसली.
मी शटर अर्धंच ओढलं.