डावीकडची ऊब

उणे एकतीस.
डॉफिनच्या उत्तरेला, शेडमध्ये,
ट्रकचं बॉनेट वर करून उभी आहे.
या थंडीत पाना दातांत धरायचा नाही, जीभ चिकटते,
हे मी सातव्या वर्षीच शिकले.
म्हणून तो जरा बाजूला ठेवला
तर गेला इंजिनाच्या पोटात.
दहा नंबरचाच. नेहमी तोच जातो.
आणि पोटात गेलेलं ही गाडी सहसा परत देत नाही.

सत्त्याऐंशीचं मॉडेल. तातोचं.
वडिलांना आमच्याकडे तातो म्हणतात.
उजवं दार आतून उघडत नाही,
रेडिओवर एकच स्टेशन : गव्हाचे भाव, मग पोल्का.
हीटर लावला की
झोपेतल्या म्हाताऱ्यासारखा नुसता उसासा.

दोन नळ्या जातात हीटरकडे.
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा
तसा हात लावून पाहिला :
एक चटका देते, दुसरी कोमट.
म्हणजे मध्ये कुठेतरी तुंबलंय.

पार्टच्या दुकानात डेल्फीन शार्ट्रां म्हणाली,
नवा कोअर घालायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल,
आणि उतरवणारे पुष्कळ येतात गं,
परत चढवलेला सांगायला कुणी येत नाही.
आधी धुऊन बघ.
दोन क्लॅम्प घेतले. नाकापेक्षा मोती जड.

बुल्का घरात कोंडलेली, भुंकतेय.
कुलंट गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.
नळ्या सोडवल्या, उलट्या बाजूने कोमट पाणी सोडलं.
आधी काहीच नाही.
मग एक ढेकर,
मग शिळ्या बोर्श्चसारखं लालसर, गाळाचं,
बादलीभर, आणखी अर्धी बादली,
शेवटी नितळ.

सगळं जोडून चालू केली.
काच खालून वर स्वच्छ होत गेली.
उजव्या सीटपाशी भट्टी पेटल्यासारखी झळ,
आणि माझ्या पायांशी
बर्फ.

शिव्या द्यायच्या त्या सगळ्या युक्रेनियनमध्ये देऊन झाल्या.
मग स्टिअरिंगखाली उताणी पडले,
डावीकडच्या वाटेचं प्लॅस्टिक ओढून काढलं.
आत लाकडाची पाचर,
भोवती चौकड्याच्या शर्टाची चिंधी, घट्ट.
मला वाटलं, उंदीर.
पण उंदीर करवत वापरत नाहीत.
पाचरीवर पेन्सिलच्या दोन रेघा होत्या,
पहिली जरा चुकलेली.

शाळा चाळीस किलोमीटर. अंधारातच निघायचो.
रोज रेल्वेचं फाटक ओलांडलं की तातो विचारायचा,
'तुझ्याकडे गरम येतंय ना?'
मला वाटायचं, गाडीचं कौतुक करतोय.

हीटर तेव्हाही अर्धाच असणार.
एकाला पुरेल एवढा.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या पायाची
दोन बोटं काळी पडली.
डॉक्टरला त्याने मासेमारीचं कारण सांगितलं.
आईलाही तेच.

खूप वेळ पडून राहिले असते,
पण पाठ गारठली होती
आणि नाकातून पाणी कानाकडे चाललं होतं.
पाचर काढली.
जोर लावावा लागला. काम चोख होतं.
खिशात ठेवली, मग खिशातून काढली,
शेडचं दार वाऱ्याने आपटतं, त्याच्या फटीत ठोकली.
बसली.

आता औषधं आणायला गावात निघालेय.
बुल्का उजवीकडे.
तिच्याकडची झळ कमी झालीय, हे तिला कळलंय,
जाळीपाशी नाक नेते,
मग माझ्याकडे बघते,
मी काहीतरी चोरल्यासारखं.

फाटकावरून जाताना
इंजिनाच्या पोटात काहीतरी खणखणलं.
पाना.
थांबले नाही.
पाय गरम होते.