बुधवारी पाणी नाही

माझा फायकस भाड्याचा आहे.
आज तुइरात, परवा स्टेशनमागच्या नव्या इमारतीत,
जिथे कुणी राहत नाही तिथे तो राहतो,
फोटोपुरता.
बाहेर उणे चोवीस. गाडीपर्यंत नेताना
मी त्याला जुन्या स्लीपिंग बॅगेत घालते,
डोक्यापर्यंत चेन ओढते,
आणि जिन्यात भेटणारी माणसं
दचकून भिंतीला चिकटतात.

धंदा साधा आहे: रिकामं घर राहतं दिसावं,
पण कुणाचं, ते कळू नये.
सोफ्याच्या उजवीकडे उंच काहीतरी.
न्हाणीघरात नेचा. आठवड्यात मरतो, चालतं.
फळीवरून मनीप्लँटची एक बट,
सहज सुटलीय असं वाटेल
इतकी बेतून सोडलेली.
"तीन कुंड्या म्हणजे घर, चार म्हणजे बाजार,"
मिन्तू म्हणते,
आणि मिन्तूची घरं विकली जातात.

लेम्पी कुओप्पालाच्या स्वयंपाकघरात मात्र
जागा आधीच कुणीतरी धरून ठेवली होती.
चिनीमातीचं फूल म्हणतो आम्ही त्या वेलीला.
जाड, मेणचट पानं,
खिडकीच्या चौकटीभोवती तीन फेरे घेऊन
चौथ्याला निघालेली,
खिळ्याखिळ्याला बांधून घेतलेली.
आणि कुंडी? आइस्क्रीमचा डबा. पिवळा.

मिन्तूचा मेसेज आला: काप. उजेड अडतोय.
औलूत नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात
उजेड तो केवढा! चार तास,
तोही आडवा, दाराखालून सरकवलेल्या पाकिटासारखा.
लेम्पीच्या मुलानं तर फोनवरच सांगितलं होतं,
काही ठेवायचं नाही.

कात्री काढली. मग म्हटलं, आधी गाठी सोडवू.
पहिली गाठ मासेमारीच्या दोऱ्याची, दातांनीच सुटली.
मग बुटाची नाडी, लाल, आखूड, लहान मुलाची.
सोनं उडालेली नाताळची रिबन.
टेलिफोनची वायर.
वरच्या कोपऱ्यात, स्टुलावर चढून हात पुरेल तिथे,
एक प्लास्टिकची पट्टी,
माझ्या अंगठ्यात बसेल एवढी:
"मुलगा. कुओप्पाला. ३४१० ग्रॅम."
नाव ठेवायचं होतं अजून.
त्यापुढे नाड्या सैल होत गेल्या,
आणि टोकाशी, कोवळ्या पानांजवळ, गाठच नाही,
नुसती पावाच्या पिशवीची क्लिप.
बोटं वळत नसावीत.

एक पान मोडलं. पांढरा चीक बाहीवर,
अजून गेला नाही.

डब्याखाली दुधाच्या खोक्याचा तुकडा होता,
पेन्सिलीनं लिहिलेला, कुणाला ते नाही:
गुरुवारी. अर्धा कप.
नोव्हेंबरात दया करू नये.
कळ्या आल्या की जागा बदलू नये, रुसते.

वेल मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसले.
किती वेळ, माहीत नाही,
खिडकीत निळं झालं तेव्हा उठले
आणि बांधत सुटले.
क्रम चुकला. नाडी कुठल्या खिळ्याची, रिबन कुठली,
कुणाला विचारणार?
पट्टी तेवढी तिच्या जागी गेली,
कारण तिथे भिंतीवर तिच्याएवढी
पांढरी खूण होती.

फोटो दारातून घेतला. खिडकी कडेला, अर्धी.
माझा फायकस टेबलाशी उभा,
पाहुण्यासारखा,
कोट न काढता.
जाहिरातीत लिहिलं आहे: स्वयंपाकघर पूर्वेला, प्रकाश भरपूर.
मिन्तू दोन दिवस बोलली नाही.

निघताना बोट मातीत घातलं. कोरडी.
नळ सोडला, अर्धा कप भरला,
आणि मग लक्षात आलं, आज बुधवार.

कप ओतून टाकला. पालथा ठेवला.
चावी शुक्रवारपर्यंत माझ्याकडेच आहे.