रजाचिठ्ठी

बडोद्यात बांधकामाच्या परवानगीला
रजाचिठ्ठी म्हणतात.
शाळेत मला ताप आला की बाबा लिहून द्यायचे,
तशीच काहीतरी वाटली.

वॉर्ड ऑफिसात पारेखभाईंनी नकाशावर पट्टी ठेवली.
छत चार बोटं कमी.
खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे.
आणि गाडी कुठे ठेवणार, बेन?

फियाट विकली, म्हटलं.
बाबांना आता जिना चढवत नाही.

नियमात गाडी असतेच.

मग जमीनच खणली चार बोटं.
तेलाचा काळा डाग
घमेल्यात भरून गेला.
भिंत शिक्क्यानंतर; तोवर रात्री
शटर गुडघ्यापर्यंतच ओढते.

पलंगावरून बाबा रोज विचारतात,
मिळाली का रजा?

खिडकीचं अडलंय, मी सांगते.