पूर्ण दाब, ताई

बुधवारी जुन्या बाजारात मिळाला,
फाटक्या ताडपत्रीवर, मिक्सरच्या भांड्यांशेजारी.
विकणारा म्हणाला, अठराशे.
इसाक रणपिशांनी तो कानाशी नेऊन हलवला,
नारळ निवडावा तसा,
आणि बाराशे काढून दिले.

गाडी आमच्या नर्सरीची. चौऱ्याहत्तरची पेट्रोल पिकअप.
हौदा पोयट्याने कुजलेला, दारावरच्या नावातलं
'लड' गंजाने खाल्लेलं,
उरलंय फक्त: कत रोपवाटिका, मुंढवा.
सिग्नलला हुंदके द्यायची.
मगरपट्ट्याच्या पुलावर मागचे हॉर्न
आमच्या तीन पिढ्यांचा उद्धार करायचे.

इसाककाका खडकीच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं फिटर.
तिथे नेमकं काय बनवायचे
ते अजून सांगत नाहीत.
जुना कार्ब्युरेटर उतरवला तर त्याचा स्पिंडल
पडायला आलेल्या दातासारखा हलत होता.
"हवा इथून खात होती बघ,
आणि तू दर महिन्याला प्लग बदलतेस."

गॅस्केट त्यांनी जागेवर कापलं,
जाड कागद बसवून कडेकडेने हातोडीने
टुक टुक टुक,
कागदाला भोकं आपसूक पडत गेली.
जेट फुंकला. फ्लोट तळहातावर तोलला.
चार नट, आडवेतिडवे आवळले, एकदम नाही.

मग राहिली लिंकेज.
"बस आत. पूर्ण दाब."
दाबला.
"पूर्ण म्हटलं मी."
पूर्णच आहे, काका.
बॉनेटमागून आवाज: "बटरफ्लाय अर्ध्यावर अडलंय.
पायात जोर नाही का?"

रॉड दोन आटे आत घेतला. चार घेतले.
आता उघडायचं, पण पाय सोडला तरी
मिटायचं नाही; इंजिन किंचाळायचं.
हे टोक जुळवलं की ते सुटायचं.
दुपारचा चहा गार झाला, त्यात
कढीलिंबाच्या रोपावरून एक मुंगळा पडला.

शेवटी काका गुडघ्यांवर बसले,
पायाखालची मॅट उचलली,
आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा होता.
बाभळीचा. सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला,
तांब्याच्या तारेने फळीला बांधलेला.
गाठ मी ओळखली.
गुलाबाच्या डोळ्याला आप्पा मारायचे तीच,
दोन वेढे, एक उलटा, शेपूट आत.

मी अठराची होते तेव्हा गाडी शिकले.
"हिच्यात दम नाही पोरी," म्हणाले होते,
"हिला सांभाळून घे."

सव्वीस वर्षं.
स्वतः चालवतानाही काढला नाही.
गुलटेकडीला पोचेपर्यंत भाव उतरलेला असायचा,
झेंडूची पोती घेऊन परत यायचे,
आणि आम्ही गाडीला शिव्या द्यायचो,
तेही द्यायचे.

"ठेवू की काढू?" काकांनी विचारलं,
पक्कड हातात, नजर दुसरीकडे.

काढा म्हटलं.

मग दहा मिनिटांत सगळं जुळलं.
रॉड मूळ मापावर, लॉकनट घट्ट, स्प्रिंग नवी.
पूर्ण दाब, ताई.
दाबला.
"उभं! एकदम उभं!" काका ओरडले,
जणू बाळंतपण झालं.

संध्याकाळी बोपदेव घाट तिसऱ्यात चढली,
हौद्यात चाळीस सोनचाफे, एकही कुंडी हलली नाही.
वर पोचल्यावर लक्षात आलं,
अजून बरंच पेडल शिल्लक होतं.
माझा पाय खाली गेलाच नव्हता,
जिथे ठोकळा असायचा
तिथेच आपणहून थांबला होता.

ठोकळा डॅशबोर्डवर ठेवलाय.
प्रत्येक वळणाला इकडून तिकडे घरंगळतो.
पुढच्या महिन्यात
मुलगा अठराचा होईल.