पासंग

तीन अधिक चार, सात.
डॉक्टर लोटलीकर अहवालावर पेन टेकवून म्हणाले,
नशीब समजा, चार अधिक तीन नाही.
मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात होतो.
पारड्यात आधी तीन ठेवा नाहीतर चार,
काट्याला काही फरक पडत नाही.
या काट्याला पडतो.

वाशीतली दुसऱ्या मजल्यावरची ती खोली,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं
आणि मी पाय आवळून ऐकत होतो:
ऑपरेशन, यंत्राचे चार हात, तीन रात्री इस्पितळ,
मग नळी, मग पॅड, किती महिने ते ज्याच्या त्याच्यावर;
नाहीतर किरणं, वीस सकाळी,
प्रत्येक वेळी मूत्राशय पाण्यानं तट्ट भरून
(बहात्तराव्या वर्षी हे ज्याला जमतं तो मला भेटवा);
नाहीतर काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे डोळ्यांत तेल घालून काहीच नाही.
ठरल्या महिन्याला रक्त, वर्षानं पुन्हा सुई.

तागडीला पारडी दोनच असतात, डॉक्टर.
ते हसले.

मग आवाज अर्धा करून विचारलं,
संबंधांचं कसं आहे?
मंदाकिनी पर्सची चेन उघडत-मिटत होती.
मी म्हटलं, आता काय, वय झालं.
त्यांनी तिथे एक छोटी रेघ मारली.

रिक्षा सानपाड्याच्या सिग्नलला थांबली तेव्हा ती बोलली,
समोरच्या कोबीच्या टेम्पोकडे बघत:
"काटा मारलात तुम्ही."

आयुष्यभर मी हे इतरांना म्हटलं,
कांदा-बटाटा मार्केटात
पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधताना,
तळाचं शिसं उकरून हलकी केलेली वजनं जप्त करताना.
मला कुणी म्हटलं नव्हतं.

दिगंबर कडू, त्याच मार्केटातला जुना मापाडी,
त्यानं काढून टाकलं. वर्ष झालं.
पाम बीचला चालताना शिंक आली की आधी थांबतो,
मांड्या जुळवतो, मग शिंकतो.
पण झोप लागते म्हणतो. गेलं ना ते, संपलं.
थॉमस मास्तर नऊ वर्षं नुसतं लक्ष ठेवून होते.
गेले ते हृदयानं, ओणमच्या आदल्या दिवशी,
शेवटच्या कागदावरही त्यांचा आकडा
माझ्याहून कमीच.
हैदराबादहून अश्लेषा फोनवर रडते,
बाबा, उगाच घरात ठेवू नका ते.
जणू सापच.

कुणाचंच वजन खोटं नाही. हीच पंचाईत.

अहवाल उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलंय
निवृत्तीला मिळालेलं पितळी अर्धा किलो,
पडताळणीची मुदत केव्हाच उलटलेलं.
प्रत्येक वजनाला कायद्यानंच थोडी चूक माफ असते;
हात लागून लागून पितळही झिजतं.
आणि जुन्या तागडीला पासंग बांधतात,
चिंधीत गुंडाळलेला एखादा खडा,
रिकामी पारडी सारखी यावीत म्हणून.
तो मापात धरत नाहीत.

आज कागदावर तीन रकाने आखले,
हिशेब केला, खोडला.
कुठल्या रकान्यात लिहू
रविवारची दुपार, दाराची कडी,
तिचं "अहो, पडदा" म्हणणं?
त्याला आकडा नाही. पण ते काढून बघितलं
तर सगळं एका बाजूला गेलं.

जानेवारीत रक्त द्यायचं, असं कॅलेंडरवर लिहिलंय.
पेन्सिलीनं.

रात्री तीनला मी संडासात उभा.
खाडीकडून फ्लेमिंगोंचा बारीक गलका.
थेंब, मग काही नाही, मग थेंब.
दाराबाहेरून ती विचारते,
"झालं का?"
"होतंय," मी म्हणतो. "तू झोप."
ती जात नाही.