काटा

कॅटफिशच्या कारखान्यात मी वजनाच्या काट्यावर
सव्वीस वर्षं उभी राहिले.
बेलझोनी गावात, मिसिसिपीच्या सपाट मुलखात,
जिथे कपाशी गेली आणि माशांची तळी आली,
मालकांची आडनावं तेवढी तीच राहिली.

पहिल्या दिवशी फोरमननं एकच गोष्ट शिकवली:
वजन होताना दोन्ही हात दिसले पाहिजेत.
नुसता अंगठा टेकला
तरी अर्धा पौंड इकडचा तिकडे जातो.
मी कधी काटा मारला नाही.
मारणारा मात्र लांबून ओळखायचे,
त्याच्या खांद्यावरून.

म्हणून लाज वाटते, अलोन्झो,
तुझ्या वेळी मला ते दिसलं नाही.

मूत्रपिंडांची ताकद एका आकड्यात सांगतात.
तो विसावर उतरला की
नव्या मूत्रपिंडासाठी यादीत नाव.
तुझा होता सतरा पॉइंट सहा.
तो आपल्याला कुणी सांगितलाच नाही.
फॉर्मवर एक चौकोन होता.
खिडकीतल्या बाईनं मान वर करून
एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि भरून टाकला.
त्या चौकोनाच्या पाठीमागे एक गुणाकार दडला होता:
माणूस काळा असेल तर
गुणिले एक पॉइंट सोळा.
काळ्यांच्या अंगात मांस जास्त, म्हणे.
तेव्हा तुझ्या पट्ट्याला
मी खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली होती.

सतराचे झाले वीस पॉइंट चार.
डॉक्टर हसला. चांगला माणूस होता.
म्हणाला, अजून निभावतंय, मिस्टर प्रुइट,
सहा महिन्यांनी या.
येताना आपण आइस्क्रीम खाल्लं.
निभावतंय म्हणून.

मग ग्रीनव्हिल. चाळीस मैल.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे चारला निघायचं.
चौदा खुर्च्या, त्यातल्या तेरांवर आपल्यासारखीच माणसं,
एकमेकांच्या चुलत्या-मावश्यांना ओळखणारी.
आधी वजन, नंतर वजन.
तिथला काटा खरा होता, मी तपासला होता,
पाच पौंडांची साखरेची पिशवी नेऊन.
नर्स हसली होती.
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मात्र
चार तास जागचा हलायचा नाही.

घशात माशाचा काटा अडकला
तर माझी आई कोरड्या कॉर्नब्रेडचा घास गिळायला लावायची.
हा कशानं उतरतो
ते तिला माहीत नव्हतं. मलाही नाही.

तू नोव्हेंबरात गेलास.
मार्चमध्ये पत्र आलं, तुझ्या नावानं.
आपली प्रतीक्षा दोन वर्षे सात महिने
आधीपासून सुरू झाली असे धरण्यात येत आहे.
असे धरण्यात येत आहे.
कुणी धरलं, ते लिहिलं नव्हतं.
काढलं होतं कुणी, तेही नाही.
दोन वर्षं सात महिने परत आले, साध्या टपालानं,
सहीसुद्धा लागली नाही.

शंटेल म्हणाली, मम्मा, वकील बघू.
मी म्हटलं, बघू.
मग ते पत्र मी तुझ्या टॅकल बॉक्समध्ये ठेवलं,
गळांच्या शेजारी.
अजून तिथंच आहे.

काल मी माझं रक्त द्यायला गेले.
पाय सुजतात, तुझे सुजायचे तसेच.
नर्स कोवळी पोर. तुझा आकडा फुगवला गेला
तेव्हा शाळेत असेल. तिचा काय दोष.
म्हणाली, आता तो गुणाकार काढून टाकलाय, मिसेस प्रुइट,
रंग कुणी विचारत नाही.
म्हटलं, बरं झालं.
बाही वर केली, मूठ आवळली,
आणि सुई टोचायच्या आधी तिला सांगितलं,
पोरी, दोन्ही हात दिसू देत.